ओइवाच्या पिंपातली दारू

मिशिगनच्या पार उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठानं फिनलंडहून आलेल्या लोकांची गावं आहेत. त्यातल्या एका गावात आर्वो केस्किलाच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. नाक दिसायला चारचौघांसारखंच होतं, थोडं लालसर, थंडीनं कायम ओलं. पण बंदुकीच्या दारूच्या बाबतीत त्या नाकाचा शब्द शेवटचा.

तिथं घरोघरी काडतुसं हातानं भरतात. वापरलेली पितळी पुंगळी धुऊन-पुसून घ्यायची, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू काट्यावर तोलून आत ओतायची आणि वर गोळी दाबायची. अशा घरांतून जुन्या दारूचे डबे सापडतातच. कुणाच्या मेलेल्या आजोबांच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात. माणूस डबा काखेला मारून आर्वोकडे यायचा. आर्वो चमचाभर दारू पांढऱ्या कागदावर ओतायचा, खिडकीच्या उजेडात दाणे बोटानं पसरून बघायचा, आणि मग डबा नाकाशी न्यायचा. चांगल्या दारूला दवाखान्यातल्या इथरसारखा मंद, गोडसर वास असतो. नासत चाललेली दारू आंबट मारते. वर्षानुवर्षं उष्णतेत पडून राहिली की ती आतल्या आत कुजायला लागते, आणि फार झालं तर कुणी काडी न लावता आपोआप पेट घेते. डोळ्यांना दिसायच्या बऱ्याच आधी ते नाकाला कळतं. आर्वो श्वास आत घ्यायचा, सोडायचा आणि म्हणायचा, "ठेव." किंवा, "टाक." तीस वर्षांत या दोन शब्दांवर कुणी उलट प्रश्न केला नव्हता.

त्या वर्षी मार्चमध्ये त्याला ताप आला. तो आठवडाभर अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा शनिवार होता आणि बायकोनं, हेल्मीनं, नेहमीसारखा वेलदोड्याचा गोड पाव भाजला होता. आर्वोनं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "आज वेलदोडा विसरलीस."

"मी विसरले? नाकासमोर कुटला तुझ्या!"

"मग जुना असेल."

दोघांचं त्यावरून वाजलं. पुढच्या शनिवारी हेल्मीनं दुप्पट वेलदोडा घातला, आर्वो "आता कसा!" म्हणाला आणि विषय मिटला. पण खाल्ला तो कापूसच. कॉफीचा वास नाही, सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, धुराचा नाही, रॉकेलचा नाही. होईल बरं महिन्याभरात, असं तो स्वतःला सांगत राहिला. महिना गेला, उन्हाळा गेला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाकडे लोकांनी यावं असं काय उरलेलं असतं? सुतारकाम हात थरथरायला लागल्यापासून सुटलं होतं. उरलं होतं ते हे नाक. तेही गेलं हे तोंडानं कबूल करायचं म्हणजे स्वतःच आपलं नाक कापून लोकांच्या हातात द्यायचं. तो गप्प राहिला. त्या उन्हाळ्यात चौघेजण डबे घेऊन आले. त्यानं दाणे नीट बघितले, डबा नाकाशी धरला, श्वास आत घेतला, सोडला. तिघांना "ठेव" म्हणाला, एकाला "टाक".

सप्टेंबरात केर्तूचा फोन आला. केर्तू म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची, ओइवाची बायको. ओइवा दोन वर्षांपूर्वी वारला होता. चार मैलांवर, सरोवराला लागून तिचं घर. ती आणि तिची चौतीस वर्षांची मुलगी लॉर्ना, दोघीच राहायच्या. लॉर्ना शाळेची बस चालवायची आणि हरणाच्या शिकारीत बापाच्या तोडीची होती.

"आर्वो, जिन्याखाली ओइवाचं दारूचं पिंप आहे," केर्तू म्हणाली. "लॉर्नानं हट्ट धरलाय, यंदा बाबांची बंदूक आणि बाबांचीच दारू. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू एकदा बघून जा."

ते पिंप आर्वोला चांगलं ठाऊक होतं. महायुद्धानंतर सरकारनं शिलकी दारू विकायला काढली, तेव्हा ओइवानं आणि त्यानं मिळून मागवली होती. पुठ्ठ्याची दोन पिंपं आली, एक याचं, एक त्याचं. आर्वोनं आपलं बाहेरच्या थंड पडवीत ठेवलं.

ओइवाचं पिंप निघालं तळघरात, घर उबदार ठेवणाऱ्या तेलाच्या भट्टीपासून दोन हातांवर.

"कायम इथंच?" आर्वोनं विचारलं.

"तीस वर्षं," केर्तू म्हणाली. "भट्टीजवळ कोरडं राहतं म्हणायचा."

 दारूला ओलीपेक्षा ऊब वाईट. आर्वोनं झाकण काढलं. झाकणाची लोखंडी कडी गंजून तांबडी झाली होती. वर एकच मिणमिणता बल्ब. कागदावर ओतलेल्या दाण्यांत विटेच्या भुकटीसारखी बारीक तांबूस धूळ दिसली. कडीचा गंज सांडला असेल, असं तो मनाशी म्हणाला. मग त्यानं पिंपावर वाकून श्वास घेतला.

काहीच नाही. जशी रिकाम्या खोलीची हवा.

लॉर्ना जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. अशा वेळी तिचा बाप बसायचा, तशीच. "काय म्हणतंय नाक, काका? ठेवू की टाकू?"

त्या क्षणी "कळत नाही" हे दोन शब्द म्हणायचे होते. ते त्याच्या जिभेवर आलेही. पण आपल्या पडवीतली हीच दारू गेल्या वर्षापर्यंत उत्तम होती, हे त्याला आठवलं, आणि त्या आठवणीला तो बुडत्यानं काडी धरावी तसा धरून राहिला.

"ठेव," तो म्हणाला. "मात्र भट्टीपासून जरा लांब सरकव."

केर्तूनं त्याला कॉफी पाजली, मासे दिले आणि पिंप सरकवायचं विसरून गेली.

चौदा नोव्हेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी हरणाची शिकार सुरू होणार होती. गावातले निम्मे पुरुष आदल्या दिवशीच जंगलातल्या झोपड्यांवर निघून गेले होते, रस्ते ओस पडले होते. आर्वोनं पडवीतून आपलं पिंप तळघरातल्या टेबलाशी आणलं. दहाएक काडतुसं भरून ठेवावीत असा बेत होता. त्यानं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

वरून हेल्मीचा आवाज आला. "आर्वो! लोणच्याची बरणी फोडलीस की काय?"

"काही फोडलेलं नाही."

"मग हा आंबट वास कसला?"

आर्वोचा हात चष्म्यावर थांबला. "कसला वास?"

हेल्मी जिन्यावरून खाली आली. शेवटच्या पायरीवर थबकली, नाक मुरडलं. तिनं पिंपाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो पिंपावर वाकलेलाच होता, तोंड दारूपासून वीतभर.

"तुला येत नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच. आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, जसं कुणी मागचे महिने एकेक करून उलटावेत. "वेलदोडा. अरे देवा. मार्चपासून?"

आर्वोनं चष्मा टेबलावर ठेवला.

"आठ महिने मी येड्यासारखी दुप्पट वेलदोडा घालतेय, आणि तू 'आता कसा' म्हणतोस?"

पण तिचं बोलणं त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. त्याची दारू पडवीत होती, गारठ्यात. तीच आंबली. मग ओइवाची? तीस वर्षं भट्टीला पाठ लावून बसलेली? त्याला कागदावरची ती तांबडी धूळ दिसली. आता ती गंजासारखी अजिबात दिसत नव्हती.

"ओइवाचं पिंप," तो म्हणाला.  "मी ठेव म्हणालो होतो. हेल्मी, केर्तूला फोन लाव. घराबाहेर हो म्हणावं. उचलला नाही तर लावत राहा. आणि हे आपलं पिंप दोघं मिळून आधी बाहेर काढू."

पिंप गार होतं. त्यांनी ते अंगणाच्या टोकाला बर्फात नेऊन ठेवलं. हेल्मी फोनकडे पळाली. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आर्वो ट्रकमध्ये बसला आणि निघाला.

चार मैल. त्यानं वाटेत तीन गोष्टी ठरवल्या आणि तिन्ही विसरला. वळणावळणावर तो झाडांच्या वर धूर शोधत होता. घरांतून निघणारी प्रत्येक पांढरी रेघ त्याला आग वाटायची.

केर्तूचं घर जागेवर होतं. ती अंगणात लाकडं फोडत होती, म्हणून फोन ऐकू गेला नव्हता.

"सूर्य पश्चिमेला उगवला का रे? सकाळी सकाळी..." तिनं त्याचं तोंड बघितलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. "हेल्मी बरी आहे ना?"

"लॉर्ना कुठाय?"

"गेली की. आधी खडीच्या खाणीत जाऊन बंदुकीचा नेम बघणार, मग तिथून झोपडीवर. का?"

"काडतुसं भरली तिनं? त्या दारूची?"

"काल रात्री वीस भरली. तुझ्याच शब्दावर. आर्वो, झालंय काय?"

आर्वो उत्तर न देता घरात शिरला. तळघराचं दार उघडून वरच्या पायरीवर उभा राहिला. खाली अंधार, भट्टीची घरघर. तो पुन्हा सवयीनं नाक पुढे करून श्वास घ्यायला गेला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"केर्तू, इथं दारात उभी राहून वास घे. खाली उतरू नकोस."

"मी घेऊ? नाक तुझं की माझं?"

"माझं गेलंय. मार्चमध्येच गेलं."

केर्तू त्याच्याकडे बघत राहिली. साठ-पासष्ट वर्षांची, उन्हापावसानं रापलेली बाई. तिच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला, कारण आधी तिला हिशेब जुळवायचा होता. "म्हणजे सप्टेंबरात तू इथं वाकून श्वास घेतलास..."

"नाटक केलं."

तिनं तोंड फिरवलं आणि दारातून वास घेतला. "आंबट आहे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "चार दिवस येतोय. मी म्हटलं, भट्टीमागं उंदीर मेला असेल."

"घराबाहेर जा. ट्रक चालू करून ठेव. मी पिंप काढतो."

"मरू दे ते पिंप! लॉर्ना..."

"दोन मिनिटं. घर जाईल, केर्तू."

"जाऊ दे घर! पोर तिकडं बंदूक तोंडाशी लावून बसलीय!" ती ओरडली. पण आर्वो खाली उतरला होता.

खाली गेल्यावर त्यानं पहिल्यांदा भट्टी बंद केली. एकदम शांत झालं. पिंप सप्टेंबरात होतं तिथंच होतं. तो जवळ गेला तसे त्याचे डोळे चुरचुरायला लागले, घशात खवखवलं. नाकाला कळत नव्हतं ते आता डोळ्यांना आणि घशाला कळत होतं. त्यानं हात पुढे केला आणि भट्टीकडच्या बाजूला लावला. कोमट. ते ठीक, भट्टी चालू होती. मग त्यानं हात भिंतीकडच्या बाजूला नेला.

तीही कोमट होती. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी.

 या पुठ्ठ्याच्या आत काय चाललं आहे, अजून किती वेळ आहे, एक तास की एक मिनिट, हे सांगणारी एकही खूण जगात नव्हती. असती तरी ती वाचणारं नाक त्याच्याकडे नव्हतं. सोडून पळावं असं त्याला पायांपासून वाटलं. मग त्यानं खाली वाकून, तान्ह्या मुलाला उचलावं तसं दोन्ही हातांनी पिंप उचललं आणि छातीशी धरलं.

वजन फार नव्हतं. दहा-बारा पौंड. पण जिन्याला बारा पायऱ्या होत्या आणि त्याला पायाखालचं दिसत नव्हतं. तो एकेक पाय चाचपून ठेवत चढला. पिंपाची ऊब कोटातून आत आली. ती आपल्याच अंगाची की त्याची, हे त्याला कळेना. सातव्या पायरीवर बूड सुटायला लागल्यासारखं वाटलं, कुजलेला पुठ्ठा बोटांखाली दबला. दाणे पायरीवर सरसर सांडले. त्यानं बुडाखाली हात सरकवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. "ओइवा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "जरा धीर धर रे बाबा." कुणाला सांगतो आहे याचा विचार न करता हेच तो दरवाजापर्यंत म्हणत गेला.

लाकडांच्या ढिगाच्या पलीकडे, घरापासून साठ पावलांवर त्यानं ते बर्फात ठेवलं आणि धावत सुटला. धावणं म्हणजे लंगडत चालणंच ते. केर्तू ट्रकच्या सुकाणूवर बसली होती. तो चढला न चढला तोच तिनं गाडी सोडली.

खाण अकरा मैलांवर. केर्तू दातओठ खाऊन गाडी हाकत होती. बर्फावर दोनदा गाडी आडवी झाली. ती एक शब्द बोलत नव्हती. आर्वोला वाटत होतं, हिनं शिव्या द्याव्यात.

"असल्या दारूनं काय होतं?" पाच-सहा मैलांनी तिनं विचारलं. रस्त्यावरची नजर हलली नाही.

"कधी काहीच होत नाही. गोळी फुसकी जाते."

"आणि कधी?"

"कधी एकदम सगळी भडकते. पुंगळी फाटते. आग मागं येते, तोंडाकडं."

"तोंडाकडं," ती म्हणाली.

मुख्य रस्ता सोडून ते खाणीच्या कच्च्या वाटेला लागले, तेव्हा पहिला आवाज आला. झाडांमधून, घुमत. केर्तूनं ब्रेक दाबला, मग लगेच गाडीचा वेग वाढवला. आर्वोनं काच खाली केली. थंड हवा आत घुसली.

दुसरा आवाज. हा पहिल्यापेक्षा वेगळा होता. तीस वर्षं बंदुकांचे आवाज ऐकलेल्या कानांना तो आवडला नाही. कोरडा, कडक, फळी मोडावी तसा. अशा भडक्यानंतर बंदुकीचा बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा मागचा दांडा, अडकायला लागतो.

"थांब, पोरी," आर्वो म्हणत होता. "थांब आता. बोल्ट जड लागतोय ना? लागतोय. मग थांब. बापानं शिकवलंय ना तुला." केर्तू हॉर्न दाबून धरत होती. वाट चढाची होती, मध्ये पाइनची दाट झाडं, हॉर्न त्यांच्यातच जिरत होता.

मग तिसरा.

त्यानंतर काहीच नाही.

नेम बघणारा माणूस गोळी झाडतो, बोल्ट ओढतो, पुन्हा झाडतो. मध्ये मिनिटभर जातं. आर्वोनं मिनिट मोजलं. दुसरं मोजलं. चौथा आवाज यावा म्हणून त्यानं देवाची करुणा भाकली. अर्ध्या तासापूर्वी ज्या आवाजाला तो घाबरत होता, त्याच आवाजासाठी. केर्तूच्या तोंडून एक बारीक कण्हणं सुरू झालं होतं, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

वळण संपलं आणि खाण समोर आली. लॉर्नाची गाडी उभी होती. तिच्या मागच्या फळीपुढे, बर्फात, लॉर्ना गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांनी तोंड झाकून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. बंदूक बाजूला पडली होती.

केर्तू गाडी चालू तशीच टाकून पळाली. आर्वोला उतरता येईना.  दारातून त्यानं बघितलं, केर्तूनं मुलीचे हात ओढून बाजूला केले. उजवा गाल काळ्या ठिपक्यांनी माखलेला, भुवईवर चीर, आणि चष्म्याची उजवी काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली.

"डोळा!" केर्तू ओरडत होती. "डोळा उघड! उघड म्हणते ना!"

लॉर्नानं डोळा उघडला. लाल होता, पाणी गळत होतं, पण होता. "आई, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला तसंही ऐकू येत नाहीये."

आणि ती हसायला लागली. ते हसणं थांबेना, आणि ते हसणं नव्हतंच. केर्तूनं तिला कवटाळून धरलं. आर्वो तेव्हा कुठं खाली उतरला. त्यानं बंदूक उचलून बघितली. दुसऱ्या आवाजाची पुंगळी बर्फात पडली होती, बूड चेपून सपाट झालं होतं. तिसरी आतच अडकून फाटली होती, बोल्ट घट्ट बसला होता, लाकडी दस्त्याला उभी भेग गेली होती. दस्त्यावर ओइवानं चाकूनं कोरलेली अक्षरं होती, भेग त्यांच्यामधून गेली होती. सतरा काडतुसं डब्यात शिल्लक होती. त्यानं डबा झाकला आणि आपल्या कोटाखाली घेतला.

लॉर्नाला हळूहळू ऐकू यायला लागलं होतं, एका कानानं. "काका," ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "दुसऱ्याला बोल्ट जड लागला होता. मला शंका आली. पण म्हटलं, तुम्ही वास घेतलाय."

"घेतला नव्हता, लॉर्ना. मला वास येत नाही. मी खोटं बोललो."

तिनं तडकलेला चष्मा काढला, मिटला, उघडला, परत मिटला. "बरं," ती म्हणाली. एवढंच. त्या एका शब्दानं आर्वोला जेवढं लागलं तेवढं केर्तूच्या शिव्यांनीही लागलं नसतं.

गावातल्या डॉक्टरनं भुवईतून पितळेची दोन कुसळं काढली आणि पाच टाके घातले. डोळा वाचला. कानातली शिट्टी ख्रिसमसपर्यंत वाजत राहिली. चष्म्याची काच जाड नसती तर काय झालं असतं ते डॉक्टर सांगायला लागला, तेव्हा केर्तूनं त्याला हातानं थांबवलं.

दुपारी आर्वो आणि हेल्मी केर्तूच्या अंगणात गेले. पिंप होतं तिथंच होतं, पण भोवतालचा बर्फ हातभर वितळून गोल खड्डा पडला होता आणि तळाशी काळं गवत दिसत होतं. अंगणात उणे सहाची थंडी होती. हेल्मीनं नवऱ्याचा कोट मागून पकडून ठेवला. त्यांनी लांबूनच, सौनाच्या नळीला रबरी पाइप जोडून पाण्याचा झोत सोडला. झाकण उडालं, आतून तपकिरी धुराची एक वळकटी वर आली आणि विरली. अंधार पडेपर्यंत पाणी चालू ठेवलं.

घरी आल्यावर आर्वो स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "आणखी चौघे आहेत."

"कोण?"

त्यानं नावं सांगितली. हेल्मीनं फोन पुढे ओढला. "तू बोल," ती म्हणाली. "मी लावून देते, पण बोलायचं तू." तिघे घरी सापडले. एकानं आईबहीण काढली, दुसरा नुसता "हं" म्हणाला आणि फोन ठेवला. ज्याला टाक म्हटलं होतं त्यानं ती चांगली दारू नाल्यात ओतली होती, तो हसला, पण मोकळेपणानं नाही. चौथा जंगलात होता, तिथं फोन नव्हता. त्याच्या बायकोनं सांगितलं, त्यानं भरलेली काडतुसं नेलीत की विकतची, मला माहीत नाही. आर्वो उठला आणि पुन्हा बूट घालायला लागला. हेल्मीनं थर्मासमध्ये कॉफी भरली आणि स्वतःही कोट चढवला. पहाटे सहापर्यंत वाट चुकत, पुन्हा सापडत, ते त्या झोपडीला पोचले. त्यानं विकतची नेली होती. आर्वो त्या अनोळखी ओट्यावर बसून ढसाढसा रडला, आणि आतले चार शिकारी मोजे हातात धरून काय करावं ते न कळून उभे राहिले.

सोमवारी त्यानं सहकारी दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: "मार्चपासून मी तपासलेली दारू वापरू नका. मला वास येत नाही. हे मी लपवलं. आर्वो केस्किला." दुकानात लोक ती वाचत, मग त्याच्याकडे न बघता पीठ, खिळे, जे हवं ते घेऊन जात. हिवाळाभर डबा घेऊन कुणी दारात आलं नाही. केर्तू चर्चमध्ये त्याच्यापासून तीन बाकं सोडून बसायला लागली. हेल्मीशी बोलायची, त्याच्याशी नाही.

फेब्रुवारीत, एका लख्ख दुपारी, लॉर्नाची गाडी आली. भुवईवरचा व्रण अजून गुलाबी होता. तिनं मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला, हात लांब करून, अंगापासून दूर धरून.

"बाबांच्या कपाटात मागं सापडला," ती म्हणाली. "आई म्हणते, नाल्यात फेक. मला आधी शिकायचंय. तुम्ही बघा, वास मी घेते."

आर्वोला पहिल्यांदा नकोच म्हणायचं होतं.  पण ती हलली नाही, तेव्हा त्यानं कागद आणला. पडवीच्या पायरीवर, उन्हात, चमचाभर दारू ओतली. दाणे स्वच्छ होते, धूळ नव्हती, झाकण आतून चकचकीत. लॉर्ना वाकली. तिनं श्वास घेतला, थांबली, परत घेतला.

"गोडसर आहे," ती म्हणाली. "आणि त्याच्या मागं काहीतरी आहे. आंबट म्हणावं का? का मला आता सगळ्यातच आंबट येतं?"

"मला सांगता येत नाही, पोरी."

"डोळ्यांना तर चांगली दिसतेय."

"दिसतेय."

"मग?"

"मग शंका आली ना? शंका आली की टाकायची. मी ते केलं नाही."

दारू थोडीथोडी जाळून संपवायला ते सरोवरावर गेले. बर्फ दोन हात जाड होता. आर्वोनं काठापासून दूर, दारूची बारीक रेघ ओढली, बोटाएवढी रुंद, दहा पावलं लांब, आणि उरलेला डबा बराच मागे नेऊन ठेवला. टोकाला लांब काडीनं आग लावून तो बाजूला झाला. पिवळी ज्योत फुसफुसत रेघेवरून धावत गेली, स्फोट नाही, आवाज नाही, आणि बर्फावर काळा ओरखडा उरला. डबा संपेपर्यंत तीनचारदा हेच करायचं होतं. दर वेळी लॉर्ना गरजेपेक्षा चार पावलं जास्त मागे सरकत होती. आर्वो तिच्याही मागे उभा राहत होता.